शिकाऊ परवान्यावर आयुष्यभर

मोटार चालवू इच्छिणाऱ्याला आधी संगणकासमोर बसावे लागते. रस्त्यावरच्या चिन्हांचे अर्थ आणि वाहतुकीचे नियम यांवरचे पर्यायी प्रश्न सोडवले की शिकाऊ परवाना हाती पडतो. पक्का परवाना मात्र पुढे काही काळाने मिळतो, आणि त्यासाठी निरीक्षकाच्या देखत गाडी चालवून दाखवावी लागते. ही चाचणी अनेक ठिकाणी निव्वळ उपचार झालेली आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही, चिन्हे ओळखणाऱ्याला थेट पक्का परवाना द्यावा आणि गाडी चालवून पाहण्याची कटकट काढून टाकावी, असे आजवर कोणी सुचवलेले नाही. शिक्षकाच्या बाबतीत आपण जवळजवळ हेच केले आहे. शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, ही स्वभावाने शिकाऊ परवान्याची परीक्षा आहे. तिच्या प्रमाणपत्राची मुदत पूर्वी सात वर्षे होती, ती २०२१ मध्ये आजीवन करण्यात आली. परवाना शिकाऊच राहिला, फक्त तो मरेपर्यंत चालू लागला.

या परीक्षेचा उगम २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. त्या कायद्याच्या २३ व्या कलमानुसार शिक्षकाची किमान अर्हता ठरवण्याचे अधिकार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे, म्हणजे एनसीटीईकडे आले, आणि परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी टीईटी अनिवार्य केली. महाराष्ट्राने १३ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने ती लागू केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्याची पहिली टीईटी झाली. दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटे, चार पर्याय, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही, उत्तीर्ण होण्यासाठी साठ टक्के आणि मागासवर्गीयांना पंचावन्न. पहिली ते पाचवीच्या पेपरात बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी तीस गुण असतात. एका उमेदवाराच्या वाट्याला सरासरी एका प्रश्नामागे एक मिनिट येते. वर्गात मुलाने विचारलेल्या अवघड प्रश्नावर शिक्षकाला थांबून विचार करायला यापेक्षा जास्त वेळ मिळतो.

परीक्षा सोपी आहे असे माझे म्हणणे नाही. महाराष्ट्रात तिचा निकाल वर्षानुवर्षे एकेरी टक्क्यांत लागत आला आहे. प्रश्न तिच्या काठिण्याचा नाही, ती काय मोजते याचा आहे. सात ते अकरा वर्षांचे मूल बालमानसशास्त्रज्ञ पियाजेच्या मते मूर्त क्रियात्मक अवस्थेत असते, हे चार पर्यायांतून निवडणे ही एक गोष्ट झाली. चौथीतली एखादी मुलगी एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा आहे असे ठामपणे सांगते, कारण चार हा तीनपेक्षा मोठा असतो. तिच्या चुकीत विचार आहे हे ओळखणे, तिला खोडून न काढता अर्ध्या मिनिटात एक भाकरी तीन जणांत आणि मग चार जणांत वाटायला लावणे, आणि त्याच वेळी मागच्या रांगेतला गलका वाढू न देणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. पहिली गोष्ट येणाऱ्याला दुसरी येतेच असे नाही. दुसरी उत्तम येणारे कितीतरी शिक्षक पियाजेच्या अवस्थांची नावे विसरलेले असतात.

यावर शिक्षण खात्यातले लोक एक रास्त उत्तर देतात. टीईटी ही अनेक अटींपैकी एक अट आहे, ती उत्तीर्ण झाल्याने नोकरीचा हक्क मिळत नाही, असे एनसीटीईच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटलेले आहे. शिकवता येते की नाही हे पाहण्याचे काम त्याआधी अध्यापक महाविद्यालयाने केलेले असते, असे त्यात गृहीत आहे. ते काम कसे होते हे आता पाहू, कारण सगळ्या रचनेचा भार त्या गृहीतकावर आहे.

बी.एड. केलेल्या कोणालाही सराव पाठांची आठवण विचारावी. आदल्या रात्री पाठ टाचण लिहायचे: डाव्या रकान्यात उद्दिष्टे व स्पष्टीकरणे, मग प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, फलक लेखन, मूल्यमापन आणि शेवटी स्वाध्याय. पाच-सात प्रश्न विचारून मुलांकडून आजच्या घटकाचे नाव वदवून घ्यायचे आणि मग ‘आज आपण अमुक अभ्यासणार आहोत’ असे जाहीर करायचे. मुलांनाही याची सवय झालेली असते. जूनपासून डिसेंबरपर्यंत दहा छात्राध्यापकांनी तोच घटक घेतलेला असल्यामुळे तीही नेमके हवे ते उत्तर देऊन पाहुण्याची अब्रू राखतात. निरीक्षक प्राध्यापक एकाच तासाला चार वर्गांत चाललेल्या चार पाठांमधून फिरत असतात. मागच्या बाकावर बसून ते पाठाच्या वहीत ‘आवाज चांगला’, ‘फलक लेखन सुधारावे’, ‘तक्ता आकर्षक’ असे शेरे लिहितात आणि सही करून पुढच्या वर्गात जातात. अंतिम पाठाला बाहेरचे परीक्षक येतात, पण तेव्हा पाठ इतका घोटलेला असतो की तो बिघडायला वर्गातल्या मुलांनी बंड करावे लागेल. शेवटी गुण लागतात, आणि ते बहुतेकांना चांगले लागतात. कारण नापास छात्राध्यापक ही महाविद्यालयासाठी पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची वाईट जाहिरात असते.

२०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात वीस आठवडे शाळेत घालवण्याची तरतूद झाली: पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. कागदावर ही मोठी सुधारणा आहे. सलग सोळा आठवडे एकाच शाळेत राहिलेला छात्राध्यापक आवाज आणि तक्ता यांच्या पलीकडे जातो. त्याला मुलांची नावे कळतात, कोणाला वाचता येत नाही हे कळते, सोमवारी वर्ग अर्धा रिकामा का असतो हे कळते. शाळेतला हा छात्रसेवाकाल खरोखर पूर्ण करून घेणारी महाविद्यालये आहेत, आणि ती ओळखायला कोणत्याही समितीची गरज पडत नाही. त्यांच्या गावातल्या मुख्याध्यापकांना विचारले तरी पुरते. पण हजेरीपत्रकावरच वीस आठवडे पुरे करणारी महाविद्यालयेही आहेत, आणि दोन्हींच्या गुणपत्रिका सारख्याच दिसतात. त्यांतला फरक परवाना देणाऱ्याला कळण्याची सोय नाही, हा इथला मूळ दोष आहे.

हा दोष नवा नाही, आणि तो देशाच्या लक्षात यायला महाराष्ट्रच कारणीभूत झाला होता. राज्यात डी.एड. विद्यालयांना घाऊक मान्यता दिल्याचे प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याचाच आधार घेऊन म्हटले आहे की, दहा हजारांहून अधिक एकल, म्हणजे फक्त शिक्षक प्रशिक्षणच देणाऱ्या, संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गंभीरपणे शिक्षक घडवण्याचा प्रयत्नही करत नाहीत, त्या मुळात पैसे घेऊन पदव्या विकतात. सरकारचे अधिकृत धोरण ज्या संस्थांबद्दल असे बोलते, त्याच संस्थांनी दिलेल्या पाठाच्या गुणांवर ‘शिकवता येते’ ही अट पूर्ण झाली असे सरकार मानते. या विसंगतीवर विधिमंडळात कधी गदारोळ झाल्याचे मला आठवत नाही.

पुढचा टप्पा भरतीचा. तिथे २०१७ पासून शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट, आली. टीईटी आणि टेट यांच्या नावांतला गोंधळ हा उमेदवारांच्या दुःखात विनाकारण पडलेली भर आहे, पण ते असो. दोनशे प्रश्न, दोन तास. आकृत्यांची मालिका पूर्ण करणे, नातेसंबंध ओळखणे, अंकगणित, भाषा. या चाचणीच्या गुणांवर पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावर, गुणवत्ता यादी लागते. खासगी संस्थांच्या मुलाखतीसह पदभरतीत मुलाखत आणि अध्यापन कौशल्य यांना मिळून तीस गुण असतात. मात्र जिल्हा परिषदेच्या शाळांत, जिथे राज्यातली सर्वांत गरीब मुले शिकतात, मुलाखतीविना थेट यादीनुसार नेमणूक होते. म्हणजे नेमणूक करणाऱ्यांपैकी कोणीही ज्याला एक मिनिटसुद्धा शिकवताना पाहिलेले नाही, असा माणूस धडगाव किंवा धारणी तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेत रुजू होतो. तिथे चार इयत्ता एका खोलीत बसतात आणि मुले घरी भिलोरी, पावरी किंवा कोरकू बोलतात. सराव पाठ त्याने शहरातल्या शाळेत, पस्तीस मिनिटांच्या तासाला, एका इयत्तेला, मराठी समजणाऱ्या मुलांसमोर घेतलेले असतात.

इथे आपण थांबून स्वतःला विचारले पाहिजे की पर्यायी प्रश्नांवर समाजाचा इतका जीव का आहे. उत्तर अप्रिय असले तरी प्रामाणिक आहे. माणसाच्या हाती गुण दिले की वशिला येतो, संस्थाचालकाचा भाचा येतो, पाकीट येते. यंत्र कोणाचे नातेवाईक नसते. गरीब घरातून आलेल्या, कोणाची ओळख नसलेल्या उमेदवाराला टेटचा गुणांक हाच खरा आधार वाटतो, आणि त्याला तो वाटण्याची सबळ कारणे त्याच्या गावातच दिसतात. पवित्र पोर्टल येण्याआधी खासगी शाळांतल्या जागांचे दर गावोगाव तोंडपाठ होते. तेव्हा ‘पाठ पाहून ठरवा’ असे म्हणणाऱ्याने आधी या भीतीला उत्तर दिले पाहिजे; तिला हसण्यावारी नेणारा शिक्षणतज्ज्ञ उमेदवारांच्या बाजूचा नाही.

परंतु यंत्राची निःपक्षपातिताही तितकीच असते जितकी ते चालवणाऱ्यांची. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या टीईटीचा गैरव्यवहार डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी उघडकीस आणला. ही परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेतले वरिष्ठ अधिकारी आणि परीक्षेचे काम घेतलेल्या खासगी कंपनीशी संबंधित माणसे अटकेत गेली, आणि पुढे सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. नापासांचे गुण वाढवले गेले होते, काहींना प्रमाणपत्रे मिळाली होती. वर्गात बसून पाठ पाहणारा परीक्षक पैसे खाऊ शकतो, पण एका दिवसात सात हजार पाठ विकत घेता येत नाहीत. त्यासाठी सात हजार ठिकाणी माणसे फोडावी लागतात. उत्तरपत्रिका एकाच खोलीत असतात आणि तिला एकच कुलूप असते, याचा अर्थ भ्रष्टाचाराच्या दृष्टीने काय होतो, हे आपण महागात शिकलो आहोत.

प्रत्यक्ष अध्यापनावर परवाना देण्याचा सर्वांत मोठा अलीकडचा प्रयोग अमेरिकेत झाला, आणि तो आंधळेपणाने उचलण्याजोगा नाही, म्हणून त्याचा तपशील सांगतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेले एडटीपीए नावाचे मूल्यमापन २०१३ पासून प्रत्यक्ष वापरात आले. छात्रशिक्षकाने तीन ते पाच सलग तासांचे नियोजन द्यायचे, त्यांतल्या अध्यापनाच्या चित्रफिती द्यायच्या, मुलांच्या लिखाणाचे नमुने आणि त्यांवर आपण दिलेला अभिप्राय जोडायचा, आणि या सगळ्यामागचा विचार सविस्तर लिहून काढायचा. बहुतेक विषयांत पंधरा निकषांवर गुण दिले जात. कल्पना म्हणून ही टीईटीपेक्षा कितीतरी पुढे होती, कारण पुरावा वर्गातला होता आणि मुलांच्या कामाचा त्यात समावेश होता.

तरीही न्यूयॉर्कने २०१४ मध्ये ती अनिवार्य करून २०२२ मध्ये रद्द केली. जॉर्जिया, वॉशिंग्टन आणि न्यूजर्सी यांनीही ती अट काढून टाकली. कारणे शिकण्यासारखी आहेत. फी तीनशे डॉलर, आणि ती बिनपगारी छात्रसेवाकाल करणाऱ्या विद्यार्थ्याच्या खिशातून. मूल्यमापनाची व्यवस्था पिअर्सन या व्यापारी कंपनीकडे, आणि गुण देणारा दूरच्या राज्यात बसलेला, ज्याने ती शाळा, ती वस्ती, ती मुले कधी पाहिलेली नाहीत. त्यात लेखी समालोचनाचा भार इतका की चांगले शिकवणारा पण लिहिण्यात कच्चा असलेला मागे पडे, आणि छान लिहिणारा तरून जाई. प्रत्यक्ष अध्यापनाची परीक्षा हळूहळू निबंधाची परीक्षा होते, हा धोका मला आपल्याकडे दुप्पट दिसतो, कारण आपल्याकडे पाठाच्या वह्या विकत मिळतात. चित्रफीत हवी म्हटले की पुण्यात सदाशिव पेठेपासून लातूरपर्यंत ‘टेट व्हिडिओ स्टुडिओ’च्या पाट्या लागायला महिना पुरेल.

म्हणून माझा प्रस्ताव नवी परीक्षा आणण्याचा नाही. पक्का परवाना देण्यासाठी लागणारा काळ आपल्याकडे आधीच आहे, आपण तो वाया घालवतो आहोत. महाराष्ट्रात २००० सालापासून नव्या शिक्षकाला तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काम करावे लागते. मानधन प्राथमिकला अनेक वर्षे सहा हजार रुपये होते, ते २०२३ पासून सोळा हजार झाले. तीन वर्षे ‘समाधानकारक सेवा’ झाली की नियमित वेतनश्रेणी. ‘समाधानकारक’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ इतकाच की या काळात गुन्हा दाखल झालेला नाही आणि मुख्याध्यापकाशी भांडण झालेले नाही. ही योजना पगार वाचवण्यासाठी आली आणि पगार वाचवण्यापुरतीच राहिली. तिच्यात शिकवणे कोणी पाहत नाही आणि शिकवायला कोणी मदतही करत नाही.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून नव्या शिक्षकासाठी दोन वर्षांचा प्रवेशकाळ आहे. त्यात त्याला नेमून दिलेला मार्गदर्शक शिक्षक असतो, पहिल्या वर्षी त्याचे तास दहा टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी पाच टक्क्यांनी कमी असतात, आणि शेवटी त्याचे काम ठरलेल्या मानकांवर तपासले जाते. पगार मात्र पूर्ण मिळतो. आपल्याकडे नवा शिक्षक आला की पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे आणि बीएलओचे, म्हणजे मतदार यादीचे, काम हमखास त्याच्याच गळ्यात पडते, कारण त्याला मोबाइल चांगला वापरता येतो.

टीईटीला शिकाऊ परवाना म्हणून राहू द्यावे. विषयाचे किमान ज्ञान तपासायला ती पुरेशी आहे. पक्का परवाना मात्र शिक्षणसेवकाच्या काळात, त्याच्याच वर्गात, त्याच्याच मुलांसमोर मिळावा. तीन वर्षांत तीन वेळा दोन निरीक्षकांनी यावे, एक त्याच तालुक्यातला अनुभवी शिक्षक, दुसरा दुसऱ्या जिल्ह्यातला. दोघांनी वेगवेगळे लिहावे आणि मतभेद झाल्यास तिसरा यावा. आधी कळवून एकदाच, उरलेल्या दोन वेळा न कळवता. तक्त्यांना गुण नसावेत. जूनमधल्या आणि फेब्रुवारीतल्या मुलांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. वर्गातल्या सर्वांत मागे असलेल्या पाच मुलांची नावे शिक्षकाला विचारावीत आणि त्यांच्यासाठी त्याने काय केले ते त्या मुलांकडूनच समजून घ्यावे. शिक्षक मुलांच्या घरच्या भाषेला वर्गात जागा देतो की ‘अशुद्ध’ म्हणून हाकलतो, हे निरीक्षकाला दहा मिनिटांत कळते. दीडशे प्रश्नांत ते कधीच कळणार नाही. आणि अहवाल शिक्षकाला वाचायला मिळावा, त्यावर लेखी उत्तर देण्याचा त्याला हक्क असावा. वशिल्याला आणि आकसालाही याहून चांगला उतारा मला माहीत नाही, कारण सही करणाऱ्याला आपले कारण लिहून द्यावे लागते आणि दुसऱ्याने त्याच वर्गाबद्दल काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नसते.

माणसे कुठून आणणार, हा प्रश्न नेहमी विचारला जातो, म्हणून हिशेब मांडतो. समजा एका भरतीत दहा हजार शिक्षणसेवक आले. प्रत्येकाला तीन वर्षांत दोघांच्या तीन भेटी, म्हणजे एकूण साठ हजार भेटी, वर्षाला वीस हजार. छत्तीस जिल्ह्यांत वाटल्या तर एका जिल्ह्याला वर्षाकाठी साडेपाचशेच्या आसपास, शाळेच्या कामाच्या दिवशी सरासरी दोन ते तीन. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि केंद्रप्रमुखांची पदे नेमक्या याच कामासाठी निर्माण झाली होती. केंद्रप्रमुखांच्या कित्येक जागा रिकाम्या आहेत आणि भरलेल्या जागांवरची माणसे तक्ते भरण्यात गुंतलेली आहेत, हे खरे. पण तो प्राधान्याचा प्रश्न आहे, क्षमतेचा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालाने हा विषय पुन्हा पेटला आहे. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवेत राहता येणार नाही, आणि पाच वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांनाही पदोन्नतीसाठी ती लागेल, असा त्याचा आशय आहे. न्यायालयासमोर जो कायदा होता त्याचा त्याने अर्थ लावला. दोष कायद्याने निवडलेल्या मोजपट्टीत आहे. वीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या बाईंना शिकवता येते का हे ठरवायला, ज्या खोलीत त्या शिकवतात तिथे जाण्याऐवजी आपण त्यांना परीक्षा केंद्रावर बोलावतो आहोत. मात्र या निकालाविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या संघटनांची बाजूही मला अर्धीच पटते. टीईटी नको, हे त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. मग काय हवे, असे विचारल्यावर ‘अनुभव’ एवढेच उत्तर येते. अनुभव हे उत्तर व्हायचे असेल तर तो कोणीतरी पाहिलेला असावा लागतो. ‘आमच्या वर्गात या आणि पाहा’ ही मागणी संघटनांनी स्वतःहून केली असती, तर न्यायालयात आणि जनमतातही त्यांची बाजू आजच्यापेक्षा बरीच भक्कम असती.

दरम्यान, उद्यापासून करता येण्याजोगे एक काम आहे, आणि त्याला कायद्यात बदल लागत नाही. प्रत्येक अध्यापक महाविद्यालयाने छात्राध्यापकांना पाठांसाठी दिलेले सरासरी गुण आणि त्याच विद्यार्थ्यांचा टीईटीचा निकाल विद्यापीठांनी आणि परीक्षा परिषदेने शेजारी शेजारी छापावा. प्रवेशासाठी रांगेत उभ्या असलेल्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना तो तक्ता वाचायला कोणाची मदत लागणार नाही.